चार गिअर मागे, एक पुढे

आधीच सांगून टाकते, मी शांत बाई नाही. लॉन्ड्रीवालीने शांत असावं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने रोज तीनशे चादरी धुऊन, वाळवून, इस्त्री करून, घड्या घालून दाखवाव्यात आणि मग माझ्याशी बोलायला यावं. त्यात मला दोन भाऊ. एक चार वर्षांनी मोठा, एक तीन वर्षांनी धाकटा. दोघांनी सहा वर्षं एकमेकांशी एक अक्षर बोललेलं नाही. मधे मी. म्हणजे टपाल.

मोठ्याला आम्ही दादा म्हणतो. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिला, आता रिटायर झालाय. बोलणंसुद्धा मापात, एक शब्द जास्त झाला की परत घेईल असा माणूस. धाकटा बारक्या. हे नाव पडलं तेव्हा तो काडीसारखा होता. आता खुर्चीवर बसला की खुर्ची कुरकुरते, पण नाव काही वाढलं नाही. तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दोघांचे हात बाबांवर गेलेत. बाबा मेकॅनिक होते, लॉन्ड्रीच्या मागची शेड त्यांचीच.

आणि भांडण कशावरून, तर पान्यावरून! बाबांचा सतरा नंबरचा पाना होता, दांड्याला निळा रंग दिलेला. बाबा गेल्यावर तो शेडमधल्या खिळ्याला लटकायचा, ज्याला लागेल त्याने घ्यायचा आणि परत लटकवायचा. एक दिवस पाना गायब. दादा म्हणाला, मी जागेवर ठेवला होता. बारक्या म्हणाला, नव्हताच. दादा म्हणाला, म्हणजे मी खोटं बोलतो? बारक्या म्हणाला, मग मी चोर का? झालं. दोघांच्या तोंडाला कुलूप.

तेव्हापासून मी दोघांना सारखीच झापत आले. "लाज वाटते का रे, एका पान्यासाठी?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की इस्त्रीवालीसुद्धा ते झोपेत म्हणते.

तर आमचा पिकअप. छोटा, पेट्रोलवर चालणारा, माझ्या सगळ्या धंद्याचा भार त्याच्यावर. टेकडीवरच्या हॉस्पिटलचं चादरींचं काम मला मिळालं तेव्हा मी त्यात चादरी भरून एकदा चढ चढून पाहिला. तिसऱ्या वळणावर त्याने मान टाकली. नुसती टाकली नाही, तर घरंगळत खाली निघाला. मी ब्रेकवर उभी राहून जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. हॉस्पिटलमधल्या चादरीवाल्या बाईंनी तर बजावलंच होतं, "सोमवारपासून सकाळी आठच्या आत. पहिल्या दिवशी चुकलात तर दुसऱ्या दिवशी येऊ नका."

दादाने पिकअपभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाला, "त्याला सांग, डिझेल इंजिन बसवावं लागेल."

मी लॉन्ड्रीतून शेडमध्ये गेले. "बारक्या, दादा म्हणतो, डिझेल इंजिन बसवावं लागेल."

"त्याला सांग, मी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं."

"हे मी सांगणार नाही," मी म्हटलं.

दादाने एका मोडीत निघालेल्या बोटीतलं डिझेल इंजिन शोधून आणलं. लहानसं, पण असं दणकट की उतरवताना चार माणसं वाकली. मग कामाची वाटणी झाली. दादा सकाळी सात ते बारा, बारक्या दुपारी दोन ते अंधार पडेपर्यंत. एका वेळी एकच भाऊ. निरोप शेडच्या भिंतीवर खडूने लिहायचे, कारण मी निरोपात स्वतःचा मीठमसाला घालते असं दोघांचं मत होतं. या एका बाबतीत मात्र त्यांचं सहा वर्षांत एकमत झालं! पण एकमेकांना उद्देशून लिहिणं म्हणजे कमीपणा. म्हणून दोघेही मलाच लिहायचे.

'ताईला कळावे. क्लचची केबल नवीन आहे. कुणी उगाच ओढू नये.'

त्याखाली दादाचं ताठ अक्षर. 'हिला सांगणे. केबल ओढली नाही, तपासली. दोन्हींत फरक असतो.'

मला क्लच कुठे असतो हे माहीत होतं ते पायाखाली, बस. पण मी दोन्ही वाचायचे आणि मान डोलवायचे.

बुधवारी दुपारी बारक्याने चेन-पुली लावून जुनं इंजिन वर उचललं. पुढची जागा रिकामी झाली, आत नुसता काळा चिखल. तो हात धुवायला नळावर गेला आणि मी सहज वाकून आत बघितलं. गिअर-बॉक्सच्या पाठीवर, तेलमातीच्या थरात काहीतरी लांबट रुतून बसलं होतं. मी फडक्याने धरून ओढलं. वरची मळी निघाली आणि खाली निळा रंग दिसला.

मला सगळं आठवलं. अगदी तारखेसकट नाही, पण सगळं. सायलेन्सर खडखडत होता, दोघांपैकी कुणी नव्हतं, मी स्वतःच बॉनेट उघडलं आणि खिळ्यावरचा पाना घेऊन बोल्ट आवळला. फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, टॉवेलवरून भांडत होतं. मी पाना हाताला लागेल तिथे ठेवला, भांडता भांडता बॉनेट आपटलं आणि निघून गेले. सहा वर्षं तो पाना माझ्याबरोबर गावभर हिंडत होता आणि मी दोघांना विचारत होते, लाज वाटते का रे.

बारक्या परत येईपर्यंत पाना माझ्या एप्रनच्या खिशात होता.

"काय झालं गं? चेहरा का असा?"

"डिझेलचा वास," मी म्हटलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सांगायचं तर होतं. पण सांगितलं की काय? दोघे एकमेकांशी बोलतील याची खात्री नाही, आणि माझ्याशी बोलणं मात्र नक्की थांबेल. आईवडील नाहीत, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मला तरी या दोघांशिवाय कोण आहे? एरवी जगाशी तोंड वर करून भांडणारी मी, मूग गिळून बसले. चालताना पाना मांडीला लागायचा आणि प्रत्येक वेळी मी दचकायचे.

शनिवारी मी मनाचा हिय्या केला. तोंडाने जमणार नाही, तर भिंतीवर लिहू. दादा बाराला गेला होता, बारक्या यायला वेळ होता. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'पाना सापडला. चूक'. इतक्यात बाहेर बारक्याची स्कूटर वाजली. हातातल्या ओल्या टॉवेलने मी घाईघाईने ती ओळ पुसून टाकली. मग लक्षात आलं, एवढाच तुकडा स्वच्छ दिसला तर संशय येईल. म्हणून मी सगळी भिंतच पुसली. वर दादाने सकाळी लिहिलेलं काहीतरी होतं. ते मी वाचलंही नव्हतं.

बारक्या आत आला आणि भिंतीकडे बघत राहिला. "हे काय?"

"खडूची धूळ चादरींवर बसते."

"दादाने काही लिहिलं होतं का?"

"काही नाही रे. नेहमीचंच."

तासाभराने त्याने गाडीखालून हाक मारली. "ताई, जरा इकडे ये. हळू बोल." जणू दादा खिशात बसला होता. मी वाकले. तो टॉर्च मारून दाखवत होता. "दादाने मागच्या चाकांचा एक्सल उलटा बसवलाय. वरची बाजू खाली. अख्खा."

मला वाटलं, आता हा खूश होऊन नाचेल. सहा वर्षं वाट बघितली होती दादाच्या चुकीची. पण त्याचा चेहराच उतरला होता.

"वय झालं गं त्याचं," तो म्हणाला. "चष्म्याचा नंबर वाढला असेल. तू काही बोलू नकोस हं. मी गुपचूप सुलटा करतो. भिंतीवर लिहिलं तर त्याला फार लागेल."

दादाविषयी त्याच्या तोंडून असा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मला रडूच आलं. आणि त्या रडण्याच्या नादात एक साधी गोष्ट डोक्यात आली नाही. जो माणूस पस्तीस वर्षं केसाएवढी मापं मोजत आला, तो एवढा मोठा एक्सल चुकून उलटा बसवेल कसा? बारक्या अंधार पडेपर्यंत घाम गाळत होता. मी त्याला दोनदा चहा नेऊन दिला आणि वर शाबासकीही दिली.

रविवारी दादाने सकाळी रेडिएटर बसवला. आदल्या दिवशी त्याचा गुडघा धरला होता, म्हणून तो गाडीखाली गेला नाही. दुपारी बारक्याने उरलेल्या जोडण्या केल्या, ब्रेक नीट केले आणि इंजिन चालू करून पाहिलं. काय आवाज होता! घरातली भांडी हलली. गाडी चालवून बघायला उजेड उरला नव्हता, म्हणून ते सोमवारवर गेलं.

सोमवारी सकाळी सातला दोघे एकाच वेळी शेडमध्ये हजर होते. एक इकडच्या भिंतीला, एक तिकडच्या. हौद्यात तीनशे चादरींचे गठ्ठे इतके उंच रचलेले की केबिनच्या मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं. बारक्या स्टिअरिंगवर बसला, मी शेजारी. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि पिकअप ऐटीत मागे जाऊन साबणाच्या पोत्यांवर आदळला.

"अरे, पुढे!" मी ओरडले.

"पुढेच टाकलाय!"

त्याने दुसरा टाकला. पोती भिंतीला टेकली. मग घाबरत घाबरत त्याने रिव्हर्स टाकला. मागचा भोंगा टींव टींव वाजायला लागला आणि गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकली.

दादाने डोळे मिटले. "याला विचार," तो मला म्हणाला, "एक्सलला कुणी हात लावला?"

"दादाला सांग," बारक्या म्हणाला, "तो चुकून उलटा बसला होता, म्हणून मी सरळ केला."

"चुकून?" दादाचा आवाज चढला, पण तोंड माझ्याकडेच. "बोटीला दोन इंजिनं असतात. एक सुलटं फिरतं, एक उलटं, म्हणून बोट सरळ जाते. आपल्याला मिळालं ते उलटं फिरणारं! चाकं सुलटी फिरावीत यासाठी मी एक्सल मुद्दाम उलटा केला. तसं लिहिलंही होतं भिंतीवर!"

मी भिंतीकडे बघितलं. इतकी स्वच्छ भिंत मी जन्मात कधी पाहिली नव्हती. बोंबला, म्हटलं मनात.

घड्याळात सात वीस. एक्सल परत फिरवायला अर्धा दिवस. चौकातला भाजीचा टेम्पो पहाटेच जातो, आणि दुसऱ्या कुणाची गाडी मिळायची तर तोपर्यंत हॉस्पिटलच्या बाई दार लावून मोकळ्या.  मी गठ्ठ्यांकडे बघितलं आणि मला स्पष्ट दिसलं, की हे काम गेलं, आणि ते माझ्या एका टॉवेलने गेलं.

दादा बोटांवर काहीतरी मोजत होता. "पुढे जायला एकच गिअर, त्याने पाऊण तास लागेल. पण मागे जायला चार आहेत. याला सांग, मागे जाऊ."

"टेकडीवर? मागे मागे?" मी म्हटलं.

तोवर दादा दुखऱ्या गुडघ्यासकट हौद्यात चढला होता. मागच्या फळीशी उभा राहून, गठ्ठ्यांना पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून. बारक्याला आरशात फक्त चादरी दिसत होत्या, तेव्हा दादाच त्याचे डोळे.

अशी आमची वरात निघाली. एक सायकलवाला आम्हाला बघत बघत सरळ कुंपणात शिरला. चौकातल्या पोलिसाने शिट्टी तोंडात धरली, गाडीचं पुढचं बघितलं, मागचं बघितलं, आणि शिट्टी खिशात ठेवली. नियम कोणत्या बाजूने लावायचा हे त्याला ठरवता आलं नसावं.

"त्याला सांग, थोडं डावीकडे!" दादा गठ्ठ्यांवरून ओरडायचा.

"थोडं डावीकडे," मी सांगायचे.

"दादाला विचार, किती थोडं?"

"दादा, किती थोडं?"

"झालं आता! कचऱ्याचा डबा गेला!"

चढ लागला. इंजिनने नुसता हुंकार दिला आणि चढ गिळायला सुरुवात केली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसरं वळण आलं, जिथे जुन्या इंजिनने मान टाकली होती, आणि वरून पाण्याचा टँकर उतरताना दिसला.

"त्याला सांग, टँकर आहे, त्याला सांग..."

आणि माझं डोकं सटकलं. भीती होती, राग होता, मांडीला पाना टोचत होता. "नाही सांगत!" मी किंचाळले. "टपाल बंद! तुला तोंड आहे ना? तूच सांग!"

टँकरचा हॉर्न वाजला.  आणि मग गठ्ठ्यांवरून आवाज आला, "बारक्या! डावीकडे घे!"

बारक्याचे हात स्टिअरिंगवर थिजले. "डावं तुझं की माझं?"

"गाढवा, डावं ते डावं!"

"दादा, तुझं तोंड तिकडे, माझं इकडे! तुझं डावं ते माझं उजवं!"

"मग झाडाकडे घे! झाड! झाड कळतं ना?"

"कळतं!" बारक्याने झाडाकडे घेतलं. टँकर बाजूने सर्रकन निघून गेला. माझा जीव भांड्यात पडला.

"आता सरळ," दादा म्हणाला. "शाब्बास. बारक्या, सरळ का नाही घेत? आरशात रस्ता दिसत नाही, निदान कठडा तरी दिसतो ना?"

"काही दिसत नाहीये दादा," बारक्या म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलंय." मी माझ्या पदराने त्याचे डोळे पुसले आणि पुढचा चढ आम्ही तसाच चढलो, एक जण सांगत होता, एक जण चालवत होता आणि मी डोळे पुसत होते, आधी त्याचे, मग माझे.

आठला आठ मिनिटं कमी असताना पिकअप हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी पोचला. माल उतरवायचा ओटा तिथेच, त्यामुळे बारक्याने न थांबता गाडीची फळी थेट ओट्याला टेकवली. चादरीवाल्या बाई वही घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं झालं, उलटेच आलात. बाकीचे इथे येऊन गाडी वळवत बसतात, रस्ता अडवतात. उद्याही असंच या."

गठ्ठे उतरले, मोजणी झाली, काम माझं झालं. मला नाचावंसं वाटत होतं. दोघे भाऊ रिकाम्या हौद्याला टेकून उभे होते, शेजारी शेजारी.

"पण दादा," बारक्या हसत म्हणाला, "एक ओळ लिहायची होतीस भिंतीवर."

"लिहिली होती."

"भिंत कोरी होती रे."

"मी लिहिली होती," दादा म्हणाला. आवाजातलं हसू गेलं होतं. "शनिवारी, अकरा वाजता."

"मी दोन वाजता बघितली. काही नव्हतं."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मग मी काय..."

बारक्या थांबला. दादाने मान फिरवली. मला ते वाक्य पाठ होतं, त्याच्या पुढचं काय असतं तेही पाठ होतं. पुढे सहा वर्षं असतात. दादा आता बासष्टचा आहे. मी मनात बेरीज केली आणि मला ती सोसवली नाही.

मी खिशातून पाना काढला आणि दोघांच्या मधे हौद्याच्या फळीवर ठेवला.

"भिंत मी पुसली," मी म्हटलं. "आणि हाही मीच नेला होता. सायलेन्सर आवळायला. इंजिनमागे विसरले. तुम्ही दोघे खरं बोलत होतात. दादाने जागेवर ठेवलाच होता, आणि बारक्याला तो दिसला नव्हता, कारण मधे मी येऊन गेले होते."  आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं वाक्य सुचेना.

दादाने पाना उचलला, अंगठ्याने निळ्या रंगावरची मळी पुसली आणि बारक्याकडे दिला. बारक्याने तो उलटसुलट करून बघितला.

"सहा वर्षं," बारक्या म्हणाला.

"आणि दोन महिने," दादा म्हणाला.

मग दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, अगदी एकसारखं, बाबा बघायचे तसं. दादा म्हणाला, "बारक्या, हिला सांग, मागे बस." आणि ते दोघे केबिनमध्ये चढले.

मी हौद्यात, हॉस्पिटलने धुवायला दिलेल्या मळलेल्या चादरींवर बसून टेकडी उतरले. एकुलत्या एका पुढच्या गिअरमध्ये, भोंगा टींव टींव वाजवत आम्ही निघालो होतो आणि चालत जाणारी माणसं आम्हाला मागे टाकत होती. मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. ती सारखी हलत होती. "लहानपणापासून अशीच आहे," एवढं दादाचं मला ऐकू आलं. त्यावर बारक्या इतका हसला की गाडी डुलली. मला राग आला, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मी तोंडावर चादर ओढून घेतली.

दोघांनी मिळून एक्सल फिरवला, दिवसभर वाद घालत. माझ्याशी मात्र बोलणं बंद. "बारक्या, हिला सांग, टॉवेल दे." "दादा, हिला विचार, साबण कुठे ठेवलाय." मी समोर उभी असायचे. असे दहा दिवस गेले. मी, जी कुणाचं ऐकून घेत नाही, मी ऐकून घेतलं.

अकराव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले तर जुन्या खिळ्याला पाना लटकत होता. त्याच्याभोवती भिंतीवर खडूने पान्याचा आकार काढलेला, आणि खाली दादाचं ताठ अक्षर, 'पाना इथेच ठेवणे.' त्याला लागून बारक्याचं गिचमिड, 'नेल्यास लिहून जाणे.'

मी खडू घेतला. त्या शनिवारी अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण लिहिली, 'चूक माझी.' या वेळी बाहेर कुणाचीही स्कूटर वाजली असती तरी मी पुसणार नव्हते.

दुपारी इस्त्री उरकून परत गेले तेव्हा माझ्या ओळीखाली दोन ओळी वाढल्या होत्या. पहिली बारक्याची. 'माहीत आहे.'

दुसरी दादाची. 'चहा टाक.'

शेडच्या दारात दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि एक साबणाचं पोतं, माझ्यासाठी. मी भिंतीला हात न लावता आत गेले आणि तीन कप चहा टाकला.